साक्ष आणि आवाज : बावला-प्रकरण व दोन चित्रपट

थाळनेरच्या किल्ल्यामुळें होळकरांचें नांव खानदेशच्या संशोधकांस परकें नाहीं. त्याच घराण्याच्या उत्तरकाळांतील एक प्रकरण येथें घेतलें आहे. हेतु इतकाच कीं, चित्रपट हें इतिहासाचें साधन म्हणून कितपत चालेल तें पाहावें.

ता. १२ जानेवारी १९२५ रोजीं सायंकाळीं मुंबईस मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा त्याच्या मोटारींतच गोळ्या घालून खून झाला. इंदूर दरबारांतून निसटून आलेली नर्तकी मुमताज बेगम त्याच्यासमवेत होती. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. गॉल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी दैववशात् तेथें आले, म्हणून ती वांचली. हायकोर्टांत न्यायमूर्ति क्रम्प यांजपुढें खटला चालून तिघांस फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. आणि चौकशीस उभें राहण्यापेक्षां तुकोजीराव (तिसरे) यांनीं १९२६ त गादीचा त्याग केला.

त्याच १९२५ सालीं कोहिनूर फिल्म कंपनीनें होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखालीं या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. कोर्टांत मुमताज स्वमुखानें बोलली होती. पडद्यावर तिच्या जागीं पाट्या बोलल्या, आणि पाट्यांचा मजकूर कंपनीचा.

मग बोलपट आला म्हणजे साक्ष खरी झाली काय? न्यूयॉर्कमध्यें १९२३ सालीं डॉट किंग नांवाच्या तरुणीचा खून झाला, त्याचा उलगडा कधींच झाला नाहीं. त्या घटनेवरून एस. एस. व्हॅन डाइन यांनीं १९२७ त ‘द कॅनरी मर्डर केस’ ही कादंबरी रचिली. पॅरामाउंटनें तिचा चित्रपट १९२८ त प्रथम मूकपट म्हणूनच घेतला. पुढें त्यास आवाज देण्याचें ठरलें. खून होणाऱ्या नर्तकीची भूमिका करणारी लुइस ब्रूक्स त्यासाठीं परत येईना. तेव्हां मार्गारेट लिव्हिंगस्टन हिचा आवाज तिच्या मुखीं घातला व १९२९ त तो बोलपट म्हणून प्रसिद्ध झाला. मौज अशी कीं, कथेंतील खुनीही हेंच करितो : बंद दाराआडून ग्रामोफोनच्या तबकडीचा आवाज ऐकवून, मेलेली स्त्री अद्याप जिवंत असल्याचा भास उत्पन्न करितो!

‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकांत शकाराच्या तोंडून, आपण मारलें नाहीं, असे शब्द नको त्या वेळीं निसटतात. ते लिहून घेतले जातात, आणि तो पायानें अक्षरें पुसून टाकितो. वर्गांत या जागीं मुलें हटकून हंसत. अक्षरें पुसलीं गेलीं तरी शब्द अधिकरणिकानें ऐकिले होते.

मुमताजची साक्ष पाहावयाची तर खटल्याचेंच दप्तर उघडावें. ‘कुलीन कांता’ तेथें उपयोगाची नाहीं. परंतु निकाल लागला त्याच वर्षीं एका संस्थानिकाच्या घरची भानगड तिकिटें लावून दाखवावयास मुंबईची एक कंपनी धजली, या गोष्टीचा पुरावा मात्र त्या दप्तरांत मिळणार नाहीं, तो या मूकपटाच्या अस्तित्वांतच आहे.