आजी-आजोबांचा सिनेमा : पडद्याआधी कान बघा

मागच्या वर्षी जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या पोरांनी विहारात खास ज्येष्ठांसाठी सिनेमा ठेवला. डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. प्रोजेक्टर भाड्यानं आणला, पांढरी चादर ताणली, सतरंज्या अंथरल्या. रात्री नऊला सिनेमा सुरू झाला. चाळीसेक म्हातारी माणसं आली होती. मध्यंतराला दिवे लागले, तर अकराच उरलेली. पोरं हिरमुसली. म्हणाली, “यांना आवडच नाही.”

मी दवाखान्यात नर्स म्हणून काम करते, त्यामुळे ही सगळी मंडळी ओळखीची. दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या दोघींना घेऊन घरोघर फिरले. सिनेमा आवडला नाही, असं एकानंही सांगितलं नाही. कुणाचे गुडघे जमिनीवर बसून धरले होते. कुणाची साखरेची गोळी आणि जेवण राहिलं होतं. एक बाबा आधी बोलेचनात, मग हळूच म्हणाले, “पोरी, दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. भरल्या माणसांतून किती वेळा उठू?” आणि निम्म्याहून जास्त जण म्हणाले, “ममुट्टी बोलताना दिसत होता, पण शब्द कळत नव्हता.”

शेवटची तक्रार नीट समजून घ्या. उतारवयात आवाज सगळाच सारखा कमी होत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं त्यातच येतात. म्हणून बोलणं चालू आहे हे कळतं, शब्द मात्र पुसल्यासारखे होतात. अशा वेळी आवाज नुसता वाढवला की गोंगाट वाढतो, अर्थ वाढत नाही. त्यात पत्र्याचं छत, उघड्या भिंती आणि घरघरणारे पंखे. पोरांनी स्पीकर मागच्या भिंतीला उंच टांगला होता, म्हणजे चित्र समोर आणि आवाज पाठीमागून!

यंदा आम्ही स्पीकर पडद्याखाली, खुर्चीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवला. भिंतींवर दोरी बांधून जुन्या गोधड्या टांगल्या, त्यानं आवाज घुमायचा कमी झाला. खडखडणारा पंखा बंद केला. कमी ऐकणाऱ्यांना पुढे बसवलं, ज्या कानानं बरं ऐकू येतं तो स्पीकरकडे करून. खाली अक्षरं उमटणारा परभाषेतला सिनेमा टाळला. मोतीबिंदू असलेल्यांना आणि शाळा न बघितलेल्यांना त्या अक्षरांचा काय उपयोग?

याच निमित्तानं एक गोष्ट उघडी पडली. एका आजीबद्दल घरचे वर्षभर सांगत होते, “हिला विसर पडायला लागलाय, विचारलं एक तर सांगते दुसरंच.” सिनेमाला ती पुढे बसली तरी शेजारणीला सारखं विचारत होती. तिला कान-नाक-घसा विभागात पाठवलं. दोन्ही कान मळानं गच्च भरलेले निघाले. मळ काढल्यावर आजी नीट उत्तरं द्यायला लागली. सगळ्यांचंच असं निघणार नाही. विसरभोळेपणा हा खराही आजार असतो. पण आधी कान तपासा. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणं सोडतो आणि एकटा पडतो. ऐकू कमी येणं आणि एकटेपण, या दोन्हींनी पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. कानात तेल, काडी, केसातली पिन मात्र घालू नका.

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या माणसांचा दहा वर्षं मागोवा घेतला होता. सिनेमा, नाटक, प्रदर्शनाला नियमित जाणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी आढळलं. आता, मुळात तब्येत बरी म्हणूनच ती माणसं बाहेर पडत असतील, असंही कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. तरी चार ओळखीच्या माणसांत बसून हसणं-रडणं घरातल्या टीव्हीपुढे होत नाही, हे मी रोज बघते.

लघवीचा प्रश्न लाजेचा करू नका. वस्तीत संडास लांब, वाटेत अंधार. म्हणून बायका दुपारपासून पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. कार्यक्रमाच्या दिवशी विहाराच्या संडासाची किल्ली एका कार्यकर्त्याच्या हातात असू द्या, आत दिवा आणि पाणी आहे का ते आधी बघा. सारखं उठावं लागणाऱ्यांना कडेची खुर्ची द्या. दर पाऊण तासानं सिनेमा थांबवून दिवे लावा, म्हणजे कुणी एकटा उठून दिसत नाही. पाय सुजणाऱ्यांचे पायही त्या निमित्तानं हलतात. लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या; मनानं बंद करू नका.

वेळ रात्रीची नको. आम्ही चारला सुरू करून साडेसहाला आटोपतो. वंदनेलाही वेळ मिळतो आणि जेवण-गोळ्यांची वेळ चुकत नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी बसू नये. कुणाला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणं असंबद्ध झालं, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. खाऊ म्हणून फरसाण नको, त्यात मीठ फार. दात नसलेल्यांना किंवा लकवा होऊन गेलेल्यांना शेंगदाणे-फुटाणे अंधारात तर अजिबात नकोत, ठसका लागून घास अडकतो. मऊ उपमा करा, आणि दिवे लावून द्या.

डोळ्यांचं थोडक्यात. म्हाताऱ्या डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण काळोख करू नका. जायच्या वाटेवर एक छोटा दिवा ठेवा. प्रोजेक्टरची वायर भिंतीच्या कडेनं न्या आणि चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवा. खुर्च्या हाताच्या असाव्यात. उठताना मिनिटभर खुर्चीच्या कडेवर बसून मग उभं राहायला सांगा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी सोडायला दोन पोरं ठेवा.

आणि सिनेमा त्यांना विचारून निवडा. बाबासाहेबांवरचा तो सिनेमा जवळपास तीन तासांचा. आम्ही यंदा दोन रविवारी अर्धा-अर्धा दाखवला, आणि दुसऱ्या रविवारी गर्दी वाढली. रमाईंच्या प्रसंगाला पदर डोळ्यांना लागले. ‘फँड्री’ पावणेदोन तासांच्या आत संपतो, पण त्याचा शेवट जिव्हारी लागतो. तो दाखवून लगेच माणसांना अंधारात घरी पाठवू नका. आम्ही चहा ठेवून बसलो, तेव्हा सत्तरीतले एक बाबा स्वतःच्या शाळेतलं सांगायला लागले. त्यांच्या मुलानं ते पहिल्यांदाच ऐकलं. दर वेळी दुःखच हवं असंही नाही. ‘पिंजरा’ला गर्दी होते, ‘अशी ही बनवाबनवी’ला तर संवाद आधीच पाठ असतात, कमी ऐकू आलं तरी चालतं.

पुढच्या रविवारसाठी हात वर करून मत घेतलं. कान साफ झालेल्या आजीनं ‘पांडू हवालदार’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडून सांगितलं, आणि दादा कोंडके जिंकले.