नागपूर उच्च न्यायालयाची इमारत

नागपूर उच्च न्यायालयाची इमारत ही नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील ब्रिटिशकालीन वास्तू आहे. वर्धा जिल्हा ज्यात मोडत असे त्या मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाऐवजी १९३६ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश होत. इमारतीचा आराखडा हेन्री मेड यांचा. कोनशिला १९३७ मध्ये बसवण्यात आली. ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तिचे उद्घाटन केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. मात्र या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. त्यामुळे वर्ध्यासह विदर्भातील पक्षकारांना उच्च न्यायालयातील अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.