संन्याशाची जिरॅनियम

मठातून जाणाऱ्या पत्रात जिरॅनियमच्या रोपांची खुशाली असायची. एखादे कुंडीत लावले आहे, दुसरे फुलले आहे! वाचणाऱ्याला वाटावे, संन्याशीबुवांना बागेचा नाद आहे. पण इथे जिरॅनियम म्हणजे दुर्बीण. ‘कुंडीतले’ म्हणजे नळीत बसवलेली. ‘फुललेले’ म्हणजे जिच्या आरशाला अॅल्युमिनियमचा मुलामा चढला आहे ती.

हे जॉन डॉबसन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले. रसायनशास्त्राचे पदवीधर. १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. १९५६ साली जुन्या भिंगांची छोटी दुर्बीण करून त्यांनी शनीची कडी पाहिली. मग मठातल्याच एका सोबत्याने सांगितले, जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेतून आरसा घासता येतो. बारा इंची काच मिळाली आणि घासणे सुरू झाले.

या कामाला यंत्र लागत नाही, लागते ती चिकाटी. एका काचेवर दुसरी काच ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे सरकवत राहायचे. ती कडेबाहेर गेली की भार तिच्या मध्यावर आणि खालच्या काचेच्या काठावर येतो. त्यामुळे वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. अधूनमधून काच थोडी फिरवायची आणि आपणही तिच्याभोवती एक पाऊल सरकायचे. प्रदक्षिणाच म्हणा ना! पुढे पूड बारीक बारीक होत जाते. शेवटी पिच नावाच्या डांबरासारख्या थरावर झिलई. तेव्हा जाड पुडीचा एक कण जरी राहिला, तरी ओरखडा पडतो आणि मागच्या पायरीवर परतावे लागते.

खरी कसोटी त्यानंतर. वक्रतेतली चूक मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी हवी. हाताच्या उबेने काच फुगते, म्हणून तपासण्याआधी ती निवण्याची वाट पाहायची. तपासायला मात्र एक दिवा आणि पात्याची धार पुरते. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांची, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची.

त्या बारा इंची आरशातून डॉबसननी चंद्र पाहिला आणि हे सगळ्यांना दिसले पाहिजे या ध्यासाने त्यांना झपाटले. १९५८ साली त्यांची सॅक्रमेंटोच्या मठात बदली झाली. तिथे ते चाकांवरची दुर्बीण भिंतीबाहेर नेऊन शेजारच्या मुलांना आकाश दाखवत. मठातली ही गैरहजेरी खपण्यासारखी नव्हतीच. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. तेवीस वर्षांचा आश्रय सुटला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, गाठीला पैसा नव्हता.

ते सॅन फ्रान्सिस्कोला परतले आणि दुर्बीण घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचे, फुकट दाखवायचे. १९६८ साली त्यातूनच ‘साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स’ ही मंडळी जमली. पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडच्या खोक्याची ती बैठक आज जगभर ‘डॉबसोनियन’ म्हणून ओळखली जाते. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. २०१४ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते वारले.