कृती लिहावी तर अशी!

'मीठ चवीनुसार, पाणी अंदाजाने, मसाला नीट परतावा.' पाककृतीच्या वहीत अशी वाक्यं आपण वर्षानुवर्षं वाचतो आणि आपलं काही अडत नाही, कारण हाताला सवय असते. पण जिनं आयुष्यात कधी सांबारवडी केली नाही, त्या नव्या सुनेला 'नीट' म्हणजे किती, हे कोण सांगणार? घरात निदान विचारायला सासूबाई असतात. कामाच्या ठिकाणी दरवेळी कोणी हाताशी असेलच असं नाही. म्हणून तिथे कामाची कृती लिहून ठेवतात. तिलाच म्हणायचं एसओपी, म्हणजे स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर. 2020 साली करोनाच्या काळात हा शब्द किराणा दुकानाच्या दारापर्यंत आला, पण ती लिहायची कशी, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मी नागपुरात बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. एका लॅबच्या भिंतीवर कागद होता : 'रक्त घेण्यापूर्वी रुग्णाची खात्री करून घ्यावी.' नुकतीच डीएमएलटी करून आलेली एक मुलगी कामावर रुजू झाली. तिनं समोरच्या काकूंना नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना त्या?" काकूंना ऐकू कमी यायचं. त्यांनी मान हलवली. झालं! एकीचं रक्त दुसरीच्या नावावर गेलं. जिला शुगर होती तिच्या हातात 'नॉर्मल' रिपोर्ट पडला आणि जिला नव्हती तिच्या घरी रडारड. दुसरीचा मुलगा भांडायला आला म्हणून प्रकार उघडकीला आला, नाहीतर पहिलीच्या गोळ्या त्याच रिपोर्टवर कमी झाल्या असत्या.

सगळे त्या पोरीवर तुटून पडले. "लक्ष कुठं असते तुझं? काय करून राहिली होती?" मी म्हटलं, "थांबा जरा. कागद वाचा आणि मला सांगा, तिनं काय केलं नाही?" खात्री तर तिनं केली होती! कशी करायची, ते कागदावर नव्हतं.

मग आम्ही तो कागद नव्यानं लिहिला. 1) रुग्णालाच विचारा, 'तुमचं पूर्ण नाव आणि वय सांगा.' नाव आपण उच्चारू नका. 2) उत्तर फॉर्मशी जुळवा. 3) रक्त घेतल्याबरोबर, रुग्ण खुर्चीवर असतानाच नळीला लेबल लावा. आधी नाही आणि नंतर टेबलावर जाऊनही नाही.

फरक बघितलात? पहिला कागद उपदेश करत होता. दुसरा कागद हात धरून काम करून घेत होता.

नळीचंही तसंच. 'नळी नीट हलवावी' असं लिहिलं, तर एक मुलगी हळूच हलवेल, दुसरी सरबत ढवळल्यासारखी! जोरात हलवलं तर रक्तातल्या पेशी फुटतात, हलवलंच नाही तर रक्ताची गुठळी होते. म्हणून लिहायचं, 'जांभळ्या बुचाची नळी लगेच, हलक्या हातानं 8 ते 10 वेळा उलटीसुलटी करा.' सोबत कारणही एका ओळीत द्यायचं. कारण कळलं की घाईतसुद्धा माणूस ती पायरी गाळत नाही.

चांगल्या कृतीत केवढी ताकद असते, त्याचं उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. करोनाच्या तपासणीसाठी नाकात काडी घालून नमुना घ्यावा लागे. त्याला शिकलेला माणूस लागायचा आणि लोकही घाबरायचे. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत शोधली. नळीतल्या सलाइनच्या पाण्यानं गुळण्या करायच्या आणि ते पाणी पुन्हा त्याच नळीत टाकायचं, की नमुना तयार! रुग्ण स्वतःच तो देऊ शकायचा. रिपोर्ट साधारण तीन तासांत मिळायचा. मे 2021 मध्ये आयसीएमआरनं या पद्धतीला मान्यता दिली आणि देशातल्या इतर लॅबना ती शिकवायला नीरीलाच सांगितलं. काम इतकं सोपं करून मांडलं, की ते गावखेड्यातल्या माणसालाही जमावं.

जगातही हेच दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, अशा साध्यासाध्या गोष्टी मोठ्यानं बोलून तपासायच्या. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. 2009 साली निष्कर्ष छापून आले. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं होतं! नवं मशीन नाही की महाग औषध नाही, फक्त एक कागद.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आहे ना! बचत गटाचे पापड असोत, शिवणाचं काम असो, पाळणाघर असो की अंगणवाडी, ज्या ताईंना सगळं येतं त्या बाळंतपणाला किंवा लग्नाला गेल्या की काम अडतं. सात जणींनी 1959 साली सुरू केलेल्या लिज्जतच्या भगिनी आपापल्या घरी पापड लाटतात, पण पीठ केंद्रावर एकाच मापानं मळलं जातं. म्हणून तर चव बदलत नाही.

तेव्हा कागद घ्या. काम कशासाठी आणि कोणी करायचं, ते वर लिहा. मग साहित्य. मग पायऱ्या, एका ओळीत एकच काम. 'थोडं', 'नीट', 'अंदाजे' हे शब्द दिसले की खोडा, तिथे माप किंवा मिनिटं टाका. जुलाबावरचं घरगुती पाणी आठवा : एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि चमचे सपाट! शिगोशीग भरले तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. तो 'सपाट' शब्द फार मोलाचा आहे. शेवटी, काही बिघडलं तर थांबायचं कुठे आणि सांगायचं कोणाला, तेही लिहा. खाली तारीख घाला. कृती बदलली की भिंतीवरचा जुना कागद काढून टाका, नाहीतर एक जण नवीन वाचते, दुसरी जुना!

आणि परीक्षा? जिनं ते काम कधीच केलं नाही तिच्या हातात कागद द्या आणि बाजूला गप्प बसा. ती जिथे अडेल, मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे तुमचं लिहिणं अपुरं आहे. ती ओळ पुन्हा लिहा. तिच्याकडून काम घडलं, की कागद भिंतीवर लावायला हरकत नाही. मग कोणत्या कामापासून सुरुवात करताय?