मातो-तोपेचे चित्र कोणी काढले?

अमेरिकेतील मूलनिवासींची जुनी चित्रे पाहताना आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो. कुंचला कोणाच्या हातात होता?

जॉर्ज कॅटलिन हा वकिली सोडून चित्रकार झालेला गोरा माणूस. १८३० मध्ये सरकारने मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हुसकावण्याचा कायदा केला आणि त्याच दशकात कॅटलिन त्यांच्या वस्त्यांतून फिरला. १८३२ मध्ये मिसुरी नदीच्या प्रवासात त्याने मॅन्डन जमातीचा नेता मातो-तोपे, म्हणजे 'चार अस्वले', याचे चित्र काढले. माणसाचे नाव नोंदवले, ही कॅटलिनची जमेची बाजू.

पण मातो-तोपे स्वतःही चित्रकार होता, हे कितीजण सांगतात? बायसनच्या कातड्यावर त्याने आपल्या लढाया आपल्याच हाताने रंगवल्या होत्या. आपला इतिहास मांडायला त्याला कॅटलिनची वाट पाहावी लागली नव्हती.

१८३७ च्या देवीच्या साथीत तो गेला. त्याच्या जमातीतले बहुतेक लोकही गेले. कॅटलिनने १८४० पासून लंडनमध्ये, पुढे पॅरिसमध्ये तिकीट लावून ही चित्रे दाखवली. नंतर तर जिवंत मूलनिवासींचे नाचही दाखवले. हे आम्हाला खटकते. हे लोक संपणारच, असे तो धरून चालला होता. पुढे तो कर्जात बुडाला, चित्रे हातची गेली. आज त्यांतली शेकडो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत.

मॅन्डनांचे वंशज नॉर्थ डकोटातील फोर्ट बर्थोल्ड येथे आजही राहतात.