प्रकाशाने फिरणारी खुंटी : टेराहर्ट्झ मेटासरफेसची ओळख

सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधोमध साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झचा एक पट्टा आहे. १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने, आणि तरंगलांबी ०.३ मिलिमीटर. या लहरी कागद-कापडातून आरपार जातात. तथापि त्यांना गाळणारी वा चालू-बंद करणारी साधने फार थोडी आहेत, कारण बहुतेक नैसर्गिक पदार्थ या पट्ट्यात पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून तसे पृष्ठ घडवावे लागते.

बीदरचा कारागीर काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवतो, तद्वत येथे अर्धवाहकाच्या चकतीवर धातूची सूक्ष्म कडी ओळीने मांडतात. त्यालाच मेटासरफेस म्हणतात. बिदरीची नक्षी डोळ्यांसाठी असते. येथे मात्र सारे काम नक्षीच करते. प्रत्येक कड्याला एक फट असते. कडे हे वेटोळ्याचे आणि फट ही धारित्राची भूमिका बजावते. जुन्या रेडिओची खुंटी फिरवली की धारित्र बदलून दुसरे केंद्र लागते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. मात्र केसापेक्षाही लहान कड्याला खुंटी कोठे बसवणार?

येथे प्रकाश कामी येतो. अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो काही काळ वाहक बनतो. २००६ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील संशोधकांनी गॅलियम आर्सेनाइडवरील कड्यांवर लेसर टाकला. फट जणू बुजली आणि मूळ अनुस्पंदन नाहीसे झाले. पण ही झाली चालू-बंद कळ, खुंटी नव्हे. २००८ मध्ये धारित्राच्या पट्ट्यांना सिलिकॉनचे तुकडे जोडण्यात आले. प्रकाश पडताच ते वाहक होऊन पट्ट्या जणू लांबल्या, धारकता वाढली, आणि अनुस्पंदन १.०६ वरून ०.८५ टेराहर्ट्झवर, म्हणजे सुमारे २० टक्के खाली उतरले. माझ्या मते खरी खुंटी ती हीच.

खरी अडचण परतीची आहे. प्रकाश थांबला तरी इलेक्ट्रॉन लगेच स्थिरावत नाहीत; शुद्ध सिलिकॉनमध्ये त्यांना मायक्रोसेकंद वा अधिक वेळ लागतो. २००७ मध्ये अर्बियम आर्सेनाइडचे सूक्ष्म कण मिसळलेल्या गॅलियम आर्सेनाइडवर हा काळ सुमारे २० पिकोसेकंदांवर आणला गेला. शिवाय अर्धवट वाहक झालेला पदार्थ लहरीची ऊर्जा गिळतो, त्यामुळे अनुस्पंदन बोथट होते. या प्रयोगांना लागणारा फेम्टोसेकंद लेसरही आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातला नाही.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या लहरींवर व मेटामटेरियलवर काम झालेले आहे. त्याही आधी, १८९८ मध्ये, जगदीशचंद्र बोस यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांनी विद्युतलहरींचे ध्रुवीकरण फिरवून दाखविले होते. वर्गात प्रारंभ तागापासून करावा. कडी मागाहून समजतील.