रिमोट बिघडला, की सेट-टॉप बॉक्स?

चॅनेल बदलेना, की आपण रिमोट तळहातावर आपटतो. त्याऐवजी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोट संदेश पाठवतो आहे.

हा अवरक्त प्रकाश. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. बहुतेक रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो. गर्दीत ओळखीची शिट्टी कान टिपतात, तसा बॉक्स नेमका हाच वेग टिपतो. उन्हातल्या अवरक्त प्रकाशाने सहसा फसत नाही. या उघडझापीचे लांब-आखूड तुकडे जुळून प्रत्येक बटणाचा संकेत बनतो.

ठिपका फिकट असेल, तर सेल बदला. ठळक असूनही बॉक्स ढिम्म असेल, तर त्याची पुढची काच पुसा, आड आलेली फुलदाणी हलवा. ब्लूटूथ रिमोटला मात्र ही चाचणी लागू नाही.